यश आणि अधिकार : दक्षिण कोरियातील लष्करी सत्तापालटांच्या मीमांसेची समीक्षा

१. प्रश्नाचे स्वरूप

दक्षिण कोरियाच्या अर्वाचीन इतिहासातील मोठ्या घटना तेथील लोक बहुधा आकड्यांनी ओळखतात. ४-१९ म्हणजे एप्रिल १९६० मधील विद्यार्थ्यांचा उठाव. ५-१६ म्हणजे मे १९६१ मधील लष्करी सत्तापालट. १२-१२ म्हणजे डिसेंबर १९७९ मधील सेनापतींचे बंड. आणि ५-१८ म्हणजे मे १९८० मधील ग्वांगजूचा प्रतिकार व तेथील रक्तपात. ही पद्धत मुळात सोयीची आहे. परंतु तीत एक अर्थही दडलेला आहे. घटनेच्या तारखेविषयी कोणाचे दुमत होत नाही, तिच्या नावाविषयी मात्र होते. ५-१६ ला ‘क्रांती’ म्हणावयाचे की ‘सत्तापालट’, हा प्रश्न तीस वर्षांहून अधिक काळ केवळ शब्दरुचीचा नव्हता. सत्तेवर कोण आहे, यावर त्याचे उत्तर अवलंबून असे.

कोरियातील लष्करी राजवटींवर विपुल लेखन झालेले आहे. त्यातील बहुतेक विवेचन दोन प्रश्नांभोवती फिरते : लष्कराला सत्ता घेणे शक्य कसे झाले, आणि ती घेऊन त्याने देशाचे काय केले? पहिल्याचे उत्तर समाजरचनेत शोधले जाते, दुसऱ्याचे आर्थिक विकासाच्या आकड्यांत. हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. तथापि त्यांच्यामध्ये एक तिसरा प्रश्न झाकला गेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. बंदुकीच्या बळावर मिळालेली सत्ता केवळ ती मिळाली म्हणून न्याय्य ठरते काय? दुसऱ्या शब्दांत, यश हे अधिकाराचे प्रमाण होय काय? कोरियाच्या बाबतीत हा प्रश्न तात्त्विक चर्चेपुरता राहिलेला नाही. तो न्यायालयापुढे आला, त्याचे एकदा एक व नंतर नेमके उलट उत्तर दिले गेले, आणि डिसेंबर १९२४ नव्हे, तर अगदी अलीकडे, डिसेंबर २०२४ मध्ये, त्या उत्तराची कसोटीही लागली. प्रचलित मीमांसा या प्रश्नाच्या प्रकाशात तपासून पाहणे, हा या लेखाचा हेतू आहे.

२. रचनेची मीमांसा आणि तिची मर्यादा

सेऊल येथील अमेरिकन वकिलातीत काम केलेले ग्रेगरी हेंडरसन यांचा कोरियन राजकारणावरील ग्रंथ १९६८ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे प्रमेय थोडक्यात असे : कोरियन समाज वंश, भाषा व परंपरा या दृष्टींनी कमालीचा एकजिनसी आहे, त्यात गावपातळी आणि सिंहासन यांच्या दरम्यान उभ्या राहणाऱ्या मध्यस्थ संस्था कधीच बळावल्या नाहीत, त्यामुळे समाजातील सर्व शक्ती भोवऱ्याप्रमाणे एकाच केंद्राकडे खेचल्या जातात. जो त्या केंद्रावर ताबा मिळवील, त्याला अडविणारे वाटेत कोणीच नसते. १९६१ च्या मे महिन्यात सुमारे साडेतीन हजार सैनिकांनी राजधानी ताब्यात घेतली, आणि सहा लाखांच्या सैन्याने व सव्वादोन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशाने ती गोष्ट स्वीकारली. या घटनेचे स्पष्टीकरण हेंडरसन यांच्या प्रमेयाने पुष्कळ अंशी होते, हे मान्य केले पाहिजे.

त्याला युद्धोत्तर परिस्थितीची जोड द्यावयास हवी. १९५० ते १९५३ च्या युद्धाने कोरियन लष्कर देशातील सर्वांत मोठी, सर्वांत शिस्तबद्ध आणि आधुनिक व्यवस्थापनात सर्वाधिक तरबेज अशी संस्था बनविली. हजारो अधिकारी अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन आले. मराठी वाचकाला या युद्धाची अखेर परिचित आहे ती मेजर जनरल शंकरराव थोरात यांच्या नेतृत्वाखाली युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी १९५३ साली गेलेल्या भारतीय दलामुळे. सिंगमन ऱ्ही यांच्या सरकारने या दलाला आपल्या भूमीवरून जाऊ देण्यासही नकार दिला होता. त्या काळी मुलकी संस्था दुबळ्या व लष्कर बलाढ्य, अशी विषम स्थिती तेथे निर्माण झाली होती.

परंतु रचनेवर भर देणारी ही मीमांसा एके ठिकाणी अडखळते. लष्कर बलाढ्य होते म्हणून त्याने सत्ता घेतली, असे म्हटले तर तेच लष्कर त्यापूर्वी दोन वेळा मागे का राहिले, याचे उत्तर मिळत नाही. १९५२ च्या मे महिन्यात युद्धकाळातील राजधानी बुसान येथे अध्यक्ष ऱ्ही यांनी लष्करी कायदा पुकारला. विधिमंडळ आपली फेरनिवड करणार नाही हे दिसून येताच अध्यक्षांची थेट निवडणूक व्हावी यासाठी घटनादुरुस्ती त्यांना हवी होती. त्या वेळचे भूदलप्रमुख ली जोंग-चान यांनी राजकीय हेतूसाठी सैन्य देण्यास नकार दिला. त्यांना पद गमवावे लागले. आणि ४ जुलै रोजी दडपणाखाली, सभासदांना उभे करून मत घेऊन, दुरुस्ती संमत करण्यात आली. १९६० च्या एप्रिलमध्येही सेऊलमध्ये रणगाडे आले, परंतु लष्करी कायद्याचे अधिकारी सोंग यो-चान यांच्या सैन्याने निदर्शकांवर गोळ्या झाडल्या नाहीत. गोळ्या झाडल्या त्या पोलिसांनी. २६ एप्रिल रोजी ऱ्ही यांनी राजीनामा दिला. भोवरा दोन्ही वेळी तोच होता, लष्करही तेच होते. आचरण मात्र निराळे घडले. तेव्हा रचना ही सत्ताहरणाची शक्यता सांगते, त्याची अपरिहार्यता सांगत नाही. जी व्यक्ती नाही म्हणते, तिला या मीमांसेत जागाच राहत नाही.

३. सत्तेला शब्दांची गरज

एस. ई. फायनर यांनी १९६२ साली लष्कर व राजकारण यांविषयीच्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात लष्कराच्या दोन मूलभूत उणिवा सांगितल्या आहेत. पहिली, आधुनिक राज्याचा गुंतागुंतीचा कारभार चालविण्याची तांत्रिक असमर्थता. दुसरी, राज्य करण्याच्या नैतिक अधिकाराचा अभाव. कोरियन सेनापतींनी पहिली उणीव मुलकी तज्ज्ञांच्या साह्याने बऱ्याच अंशी भरून काढली. दुसरी मात्र त्यांना अखेरपर्यंत छळीत राहिली. कोरियातील सत्तापालटांचा खरा इतिहास या दुसऱ्या उणिवेवर पांघरूण घालण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

१६ मे १९६१ च्या पहाटे क्रांतिकारी समितीचे निवेदन नभोवाणीवरून वाचून दाखविण्यात आले, ते भूदलप्रमुख चांग डो-यंग यांच्या नावे. कटाचे प्रत्यक्ष सूत्रधार मेजर जनरल पार्क चुंग-ही आणि त्यांचे निकटचे सहकारी किम जोंग-पिल होते. परंतु सेनाप्रमुखाचे नाव असणे आवश्यक होते, कारण त्यामुळे बंडाला वरिष्ठांच्या आज्ञेचे रूप येत होते. काही आठवड्यांतच हेच चांग डो-यंग पदच्युत होऊन अटकेत गेले. पंतप्रधान चांग म्यॉन एका कॅथलिक मठात दडून बसले होते. ते १८ मे रोजी बाहेर आले, आणि त्यांच्या मंत्रिमंडळाने लष्करी कायद्यास संमती देऊन मगच राजीनामा दिला. अध्यक्ष युन बो-सॉन १९६२ च्या मार्चपर्यंत पदावर राहिले. त्यामुळे परराष्ट्रांच्या नव्याने मान्यतेचा प्रश्नही उपस्थित झाला नाही. ज्यांनी संविधान मोडले होते, त्यांना त्याच संविधानातील अधिकाऱ्यांच्या सह्या हव्या होत्या.

क्रांतिकारी समितीने जाहीर केलेल्या सहा प्रतिज्ञांतील अखेरची प्रतिज्ञा, कार्य पूर्ण होताच सत्ता प्रामाणिक राजकारण्यांच्या हाती सोपवून सैनिक आपल्या मूळ कर्तव्याकडे परत जातील, अशी होती. पार्क यांनी ती पाळली ती एका निराळ्या रीतीने. ३० ऑगस्ट १९६३ रोजी त्यांनी गणवेश उतरविला, आणि ऑक्टोबरमध्ये मुलकी उमेदवार म्हणून त्यांनी युन बो-सॉन यांचा सुमारे दीड लाख मतांनी पराभव केला. सत्ता मुलकी माणसाकडे गेली. तो मुलकी माणूस तेवढा कालचा सेनापती होता.

या सर्व प्रक्रियेचा सर्वांत बोलका पुरावा १९६२ च्या घटनेच्या सरनाम्यात सापडतो. त्यात एप्रिल १९६० च्या जनआंदोलनाला ‘न्याय्य उठाव’ या अर्थाचा शब्द योजिला आहे, आणि मे १९६१ च्या लष्करी कृतीला ‘क्रांती’ असे म्हटले आहे. ज्या आंदोलनात १८० हून अधिक लोकांचे प्राण गेले आणि ज्याने एक राजवट उलथविली तो उठाव. ज्या कृतीने त्या आंदोलनातून जन्मलेले निर्वाचित सरकार उलथविले ती क्रांती! दोन्ही शब्द एका वाक्यात शेजारी ठेवल्याने दुसऱ्या घटनेला पहिलीचे पुण्य मिळेल अशी योजना होती. हा सरनामा साहित्य म्हणून वाचण्याजोगा आहे. कारण सत्ताधाऱ्यांची भीती त्यात त्यांच्या घोषणांपेक्षाही अधिक स्पष्ट दिसते.

या शब्दयोजनेला विरोध करणारेही त्याच वेळी होते. ‘सासांगग्ये’ हे त्या काळातील विचारवंतांचे प्रमुख मासिक. त्याने जून १९६१ च्या अंकात सत्तापालटाचे, एक अपरिहार्य गोष्ट म्हणून, सावध स्वागत केले होते. पुढच्याच महिन्यात, लष्करी कायदा जारी असताना, त्याच मासिकात हाम सोक-हॉन यांचा निबंध आला. क्रांती ही जनतेची असते, सैनिकांना ती करता येत नाही, असे त्यांनी त्यात स्पष्टपणे मांडले. आणि दिवसाढवळ्या रिकाम्या हातांनी निघालेले विद्यार्थी व रात्रीच्या अंधारात शस्त्रे घेऊन आलेले सैनिक यांतील भेद दाखवून दिला. पुढे ‘कोरियाचे गांधी’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या लेखकाने सैनिकांचे हेतू, कार्यक्रम वा कार्यक्षमता यांच्या चर्चेत न शिरता थेट नावावर बोट ठेवले. विवादाचा गाभा कोठे आहे, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

४. विकासाचा युक्तिवाद

पार्क राजवटीच्या समर्थनार्थ आजही सर्वाधिक पुढे केला जातो तो आर्थिक विकासाचा युक्तिवाद. दक्षिण कोरियाची निर्यात १९६४ मध्ये १० कोटी डॉलरवर पोचली होती, ती १९७७ मध्ये १,००० कोटी डॉलरवर गेली. पोहांगचा पोलाद कारखाना, सेऊल ते बुसान हा १९७० मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग, ग्रामीण भागातील ‘नवे गाव’ चळवळ ही या काळाची दृश्य स्मारके होत. हे यश खोटे नाही, आणि त्याची थोरवी नाकारणे हा टीकेचा मार्गही नव्हे. प्रश्न आहे तो या यशातून निघणाऱ्या अनुमानाचा.

त्या अनुमानाविरुद्ध तीन आक्षेप घेता येतात. पहिला ऐतिहासिक आहे. १९५० च्या सुमाराची जमीनसुधारणा आणि ऱ्ही यांच्या काळात झालेला प्राथमिक शिक्षणाचा प्रसार, हे दोन्ही पाये लष्कराच्या आधीचे आहेत. पंचवार्षिक योजनेचा आराखडाही चांग म्यॉन सरकारने तयार करविला होता. त्या सरकारला जेमतेम नऊ महिने मिळाले. त्याच्या अपयशाचा निर्णय ज्यांनी दिला, त्यांनीच त्याची संधी संपविली. दुसरा आक्षेप तुलनात्मक आहे. लष्करी राजवटी जगात अनेक झाल्या; त्यांतील बहुतेकींनी देशाला समृद्ध केले नाही. ज्या कारणाचे कार्य इतके अनिश्चित, त्याला कारण म्हणणे तर्कशुद्ध नव्हे. तिसरा आक्षेप अधिक महत्त्वाचा वाटतो. विकास हेच समर्थन मानले तर ते विकास सिद्ध झाल्यानंतरच उपलब्ध होते. १६ मे च्या पहाटे ते अस्तित्वात नव्हते. तेव्हा या युक्तिवादाचा अर्थ इतकाच की आज केलेल्या कृतीचा अधिकार उद्याच्या फळातून मिळवावयाचा. हे यशालाच अधिकार म्हणण्याचे दुसरे रूप होय.

स्वतः पार्क यांनाही हा युक्तिवाद पुरेसा वाटला नाही, हे १९७२ ने दाखविले. विकास जोमात असतानाच १९७१ च्या निवडणुकीत किम डाए-जुंग यांनी सुमारे ४५ टक्के मते मिळविली. त्यानंतरच्या वर्षी, १७ ऑक्टोबर रोजी, पार्क यांनी लष्करी कायदा पुकारून विधिमंडळ बरखास्त केले व ‘यूसिन’ नावाची नवी व्यवस्था आणली. या शब्दाची चिनी अक्षरे जपानच्या मेइजी ‘इशिन’ची आहेत, मांचुकुओच्या व जपानच्या लष्करी विद्यालयांत शिकलेल्या या सेनापतीने ती अजाणता निवडली असतील, असे मानणे कठीण आहे. नव्या घटनेनुसार अध्यक्षाची निवड एका परिषदेकडे गेली. डिसेंबरमध्ये तिच्या २,३५९ सभासदांपैकी २,३५७ जणांनी पार्क यांना मत दिले. उरलेली दोन मते बाद ठरली. एकही विरोधी मत नसणे हे लोकमान्यतेचे लक्षण नसून मान्यतेच्या उपासमारीचे लक्षण आहे. या व्यवस्थेत न्याय कोणत्या अवस्थेला पोचला होता हे एप्रिल १९७५ मध्ये दिसले. तथाकथित जनक्रांतिकारी पक्षाच्या खटल्यातील आठ जणांना, सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केल्यापासून पुरता एक दिवसही न लोटता फाशी देण्यात आली. २००७ च्या जानेवारीत फेरसुनावणी होऊन त्या आठांना निर्दोष ठरविण्यात आले.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कोरियन इतिहासात सत्ताहरणाच्या दोन परंपरा आहेत. एक छावणीतून निघणारी : १९६१ आणि १९७९-८० ची. दुसरी अध्यक्षीय प्रासादातून निघणारी : १९५२ आणि १९७२ ची, जिच्यात सत्तेवर असलेला माणूसच लष्करी कायद्याच्या साधनाने आपल्या घटनेविरुद्ध बंड करतो. लष्करी हस्तक्षेपाच्या अभ्यासकांनी पहिलीकडे जेवढे लक्ष दिले, तेवढे दुसरीकडे दिले नाही. पुढे या उपेक्षित परंपरेनेच पुन्हा डोके वर काढले.

५. यशस्वी बंडाला शिक्षा होते काय?

२६ ऑक्टोबर १९७९ रोजी पार्क यांची हत्या त्यांच्याच गुप्तचर संस्थेचे प्रमुख किम जाए-ग्यू यांनी केली. हत्येचा तपास संरक्षण सुरक्षा दलाचे प्रमुख मेजर जनरल चुन डू-ह्वान यांच्याकडे आला. १२ डिसेंबर रोजी या तपासाचे निमित्त करून त्यांनी भूदलप्रमुख व लष्करी कायद्याचे मुख्य अधिकारी जनरल जोंग सुंग-ह्वा यांना अटक केली. अध्यक्ष चोई क्यू-हा यांची पूर्वसंमती नव्हती. ती अटकेनंतर, दुसऱ्या दिवशी पहाटे, मिळविण्यात आली. चुन यांचे वर्गबंधू रोह ताए-वू यांनी सीमेवरील आपल्या तुकड्या राजधानीकडे आणल्या. ‘हानाहो’ या अधिकाऱ्यांच्या गुप्त मंडळाची निष्ठा सेनेच्या अधिकारश्रेणीवर मात करून गेली. १९६१ प्रमाणे येथेही सही मागाहून मिळाली. परंतु ती लागलीच, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

१७ मे १९८० च्या रात्री लष्करी कायदा सर्व देशभर वाढविण्यात आला. तो उठविण्याचा विचार करण्यासाठी २० मे रोजी विधिमंडळाचे अधिवेशन भरावयाचे होते. सैनिकांनी सभासदांना इमारतीत जाऊ दिले नाही. दरम्यान ग्वांगजू येथे विद्यार्थ्यांवर व नागरिकांवर हवाई छत्री दलाच्या सैनिकांनी अत्याचार केले, शहराने प्रतिकार केला, आणि २७ मे रोजी तो चिरडला गेला. अधिकृत नोंदींप्रमाणेही दीडशेहून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले. बेपत्ता झालेल्यांची गणना निराळी. ऑगस्टमध्ये चुन अध्यक्ष झाले.

१९८७ च्या जूनमधील देशव्यापी आंदोलनाने अध्यक्षाची थेट निवडणूक परत मिळविली. विरोधकांतील फुटीमुळे प्रथम रोह ताए-वू निवडून आले. १९९३ च्या फेब्रुवारीत किम यंग-साम अध्यक्ष झाले. त्यांनी ‘हानाहो’ मोडून काढली, परंतु १२-१२ व ५-१८ यांचा निवाडा इतिहासावर सोपवावा, अशीच त्यांची आरंभीची भूमिका होती. १९९० मध्ये रोह यांच्या पक्षात विलीन होऊन ते सत्तेपर्यंत पोचले होते, हे येथे विसरता येत नाही. जुलै १९९५ मध्ये सरकारी अभियोक्त्यांनी ५-१८ च्या प्रकरणी खटला भरण्यास नकार दिला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा होता की ज्या बंडाने नवी घटनात्मक व्यवस्था निर्माण केली, त्याचा न्याय त्या व्यवस्थेतील न्यायालय करू शकत नाही.

हा विचार केवळ कोरियन नव्हे. ऑक्टोबर १९५८ मध्ये पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाने दोसो खटल्यात केल्सेनच्या विधिसिद्धान्ताचा आधार घेऊन, यशस्वी राज्यक्रांती स्वतःच नव्या विधिव्यवस्थेचा उगम होते असे म्हटले, आणि लष्करी राजवटीस कायद्याची मान्यता दिली. केल्सेन यांनी विधिव्यवस्थेच्या प्रभावीपणाचे वर्णन केले होते. न्यायालयाने त्या वर्णनाचे रूपांतर समर्थनात केले. १९७२ मध्ये आस्मा जिलानी खटल्यात हा निर्णय उलटविला गेला, परंतु तोपर्यंत याह्याखान पायउतार झाले होते.

कोरियात मात्र जनमताने अभियोक्त्यांचे म्हणणे टिकू दिले नाही. प्राध्यापक, वकील, विद्यार्थी यांचा निषेध वाढला; त्यातच रोह यांच्या गुप्त निधीचे प्रकरण बाहेर आले. नोव्हेंबरमध्ये रोह व ३ डिसेंबर १९९५ रोजी चुन यांना अटक झाली, आणि खास कायदा करून खटल्याची मुदत वाढविण्यात आली. हा कायदा निर्दोष होता असे म्हणता येत नाही. राज्यघटना न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांपैकी पाच जणांना, मुदत आधीच संपली असल्यास तो पूर्वलक्षी ठरून घटनाबाह्य होतो असे वाटले. रद्द करण्यास सहा मते लागतात, म्हणून तो टिकला. ऑगस्ट १९९६ मध्ये चुन यांना मृत्युदंड व रोह यांना साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. अपिलात ती अनुक्रमे जन्मठेप व सतरा वर्षे अशी कमी झाली. १७ एप्रिल १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निर्णय दिला : घटनात्मक व्यवस्थेत लोकशाही मार्गाखेरीज बळाने सत्ता घेणे कदापि मान्य होऊ शकत नाही, आणि बंड यशस्वी झाल्याने शिक्षेपासून सुटत नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दोघांनाही क्षमा करून मुक्त करण्यात आले.

या निर्णयाचे मोल कशात? शिक्षेत नव्हे, कारण ती दोन वर्षांतच संपली. पार्क यांच्या कृतीचा न्यायालयीन निवाडा कधीच झाला नाही, म्हणून समतेतही नव्हे. त्याचे मोल आहे ते नामकरणात. ज्या घटनेला सत्तेने कर्तव्य म्हटले, तिला कायद्याने गुन्हा म्हटले. सरनाम्यातील शब्दांचा प्रवासही येथे लक्षात घ्यावा. १९८० च्या घटनेने ४-१९ व ५-१६ दोन्ही वगळले. १९८७ च्या घटनेने एप्रिल १९६० चा लोकशाही आदर्श परत आणला, ५-१६ आणले नाही. २०१२ मध्ये पार्क यांच्या कन्या अध्यक्षपदाच्या उमेदवार असताना त्यांनी आधी वडिलांची कृती अपरिहार्य ठरविली, आणि काही आठवड्यांतच ५-१६ व यूसिन यांनी घटनेच्या मूल्यांना बाधा आणली, हे त्यांना जाहीरपणे मान्य करावे लागले. शब्दावरचा ताबा सुटला होता.

६. कसोटी

तरीही एक गंभीर आक्षेप उरतो. पाकिस्तानात काय किंवा कोरियात काय, कायदा बोलला तो सत्ता गेल्यानंतर. मग त्या बोलण्याचा उपयोग कोणता? ३ डिसेंबर २०२४ च्या रात्री या आक्षेपाची परीक्षा झाली. अध्यक्ष युन सोक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला. विधिमंडळाच्या कामकाजावर बंदी घालणारा हुकूम निघाला. हेलिकॉप्टरांतून सैनिक विधिमंडळाच्या आवारात उतरले. ही प्रासादातील परंपरा होती, १९५२ व १९७२ ची. परंतु १९८७ च्या घटनेच्या ७७ व्या कलमानुसार एकूण सभासदांच्या बहुमताने मागणी केल्यास अध्यक्षाने लष्करी कायदा उठविलाच पाहिजे. १९८० मध्ये सैनिकांनी जे दार बंद केले होते, त्याच संस्थेचे सभासद या वेळी कुंपणे ओलांडून आत गेले. बाहेर नागरिक सैनिकांच्या वाटेत उभे राहिले. मध्यरात्रीनंतर एकच्या सुमारास उपस्थित १९० सभासदांनी एकमताने ठराव केला, आणि पुकारल्यापासून सुमारे सहा तासांत लष्करी कायदा संपला. १४ डिसेंबरला महाभियोग संमत झाला. ४ एप्रिल २०२५ रोजी राज्यघटना न्यायालयाच्या आठ न्यायाधीशांनी एकमताने अध्यक्षांना पदच्युत केले. आज्ञा झालेल्या सैनिकांचे व पोलिसांचे आचरण निरुत्साही होते आणि नागरिकांनी प्रतिकार केला म्हणूनच ठराव वेळेवर होऊ शकला, याची त्या न्यायालयाने नोंद घेतली आहे.

ही नोंद आपल्या विवेचनाच्या दृष्टीने निर्णायक वाटते. त्या रात्री जे सैनिक मंद पावलांनी चालले, ते १९९७ नंतरच्या कोरियात वाढलेले होते. वरिष्ठाची आज्ञा हे संरक्षण नाही, आणि यश ही क्षमा नाही, हे त्यांच्या देशाच्या न्यायालयाने ठरविलेले होते. ली जोंग-चान यांनी १९५२ मध्ये एकट्याने जो नकार दिला, त्याला तेव्हा संस्थेचा आधार नव्हता. २०२४ मध्ये तो आधार होता. कायदा उशिरा बोलला, परंतु त्याचे शब्द पुढच्या प्रसंगी वेळेआधी पोचले होते.

तेव्हा निष्कर्ष असा की, लष्करी सत्तापालटांची मीमांसा केवळ समाजरचनेवर वा केवळ परिणामांवर उभी राहू शकत नाही. कोरियातील प्रत्येक सत्ताहर्त्याला आपल्या यशाने अधिकार सिद्ध होत नाही, याची जाणीव होती. एरवी त्यांनी सह्या, सरनामे व सार्वमते यांचा एवढा खटाटोप केला नसता. त्यांच्या या जाणिवेला जनतेने व पुढे न्यायालयाने उघड रूप दिले. राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने सत्ता कोणाच्या हाती गेली हे तर पाहावेच. परंतु तिने स्वतःला कोणते नाव दिले, आणि ते नाव स्वीकारण्यास कोणी नकार दिला, हेही तितक्याच बारकाईने पाहिले पाहिजे.